वास मारणारी गाडी आणि गंबोचं पातेलं

लुइझियानात सगळ्यात तल्लख डोकं कोणाचं, असं कोणी विचारलं तर ओविद बाबिनो तोंडाने उत्तर देत नसत. फक्त टोपी काढून डोकं पुढे करत. तीस वर्षं त्यांनी गावच्या नदीवरचा पूल बोटींसाठी वर-खाली केला. त्यांच्या मते मात्र ते 'संशयितांच्या हालचालींवर नियंत्रण' होतं. निवृत्त होताच त्यांनी आपल्या जुन्या निळ्या गाडीच्या दोन्ही दारांवर हातभर पांढऱ्या अक्षरांत रंगवून घेतलं : 'ओविद बाबिनो, गुप्तहेर. तपास अत्यंत गुप्त.'

भाची नोएली सोमवारपासून नर्स म्हणून रुजू होणार होती. काम घरोघरच्या आजाऱ्यांकडे जाण्याचं, त्यामुळे गाडी नाही तर नोकरी नाही. साठवलेलं सगळं ती एका जुन्या गाडीत घालणार होती. गेल्या वादळात अर्ध्या गावाच्या गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या आणि त्याच आता धुऊनपुसून विकायला आल्यात, अशी कुजबुज होती. नोएलीला धास्ती वाटत होती, म्हणून तिने मामांना बोलावलं. सोबत अर्लीनमामीही आल्या, कारण चर्चच्या जेवणाला गंबोच्या रश्श्याचं पातेलं पोचवायचं होतं.

विक्रेत्या ड्यूईने चंदेरी गाडीचं दार उघडलं.

"वास येतोय," नोएली म्हणाली.

"येणारच. एप्रिल आहे," मामा म्हणाले. "या दिवसांत ज्याच्या गाडीला झिंग्यांचा वास येत नाही, तो एक तर परगावचा नाही तर खुनी."

यात खोटं काही नव्हतं. वसंतात जिवंत झिंग्यांची चिखलाळ पोती डिकीतून नेत नाही, असा माणूस त्या गावात शोधून सापडला नसता.

मामांनी भिंग काढलं. सीटखाली वाळू सापडली. "मालक समुद्रकिनारी रमणारा." जुन्या गाडीत कोरा गालिचा दिसला. "टापटिपीचा. बहुधा अविवाहित." पुढच्या दिव्याच्या काचेत आतून बाष्प साचलं होतं. "आणि हळवा."

"दिवा?"

"मालक गं."

"काका, तुमच्यापासून काय लपणार," ड्यूई प्रत्येक निष्कर्षाला म्हणत होता. तो इतका खूश होता, की नोएलीचा संशय वाढला.

"चक्कर मारून बघू," ती म्हणाली.

"माझं पातेलं इथे उन्हात राहणार नाही," मामी म्हणाल्या आणि पातेल्यासकट मागे बसल्या. पातेलं शेजारी ठेवलं, भोवती पांढरा टॉवेल गुंडाळला. मग सीटचा पट्टा ओढला, एक वेढा पातेल्याच्या पोटावरून, दुसरा त्याच्या दोन्ही कानांतून. अजून ओढला. पट्टा संपला तेव्हा थांबल्या.

"ड्यूई, तुझ्याकडे झिंगे गाडीत कुठे बसतात रे?"

"डिकीत, काकू."

"मग पट्टा कोणी लावला होता?"

पट्ट्याचं आतलं टोक वाळलेल्या चिखलाने तपकिरी झालं होतं. त्याला गवताची काडीही चिकटली होती. टॉवेलवर मातकट पट्टा उमटला होता. वादळाच्या पाण्यातून काढून गाडी सगळी धुतली होती, पण गुंडाळीत दडलेला पट्टा पुरता ओढून कोणी पाहिला नव्हता. ड्यूईला एकदम फोन आला. फोन वाजल्याचं कोणी ऐकलं नाही.

"पातेल्यावर माझा पहिल्यापासून संशय होता," मामा म्हणाले.

नोएलीने मामींना मिठी मारली आणि तिला रडूच आलं. "पैसे वाचले, मामी. पण सोमवारी मी जाऊ कशी?"

मामींनी नवऱ्यापुढे हात पसरला. "किल्ली."

"ती तपासाची गाडी आहे."

"सात वर्षांत तिने फक्त मासळीबाजाराचा तपास केलाय. किल्ली."

सोमवारी निळी गाडी पहिल्या पेशंटच्या अंगणात थांबली. मधुमेही क्लोव्हिसबुवा ओसरीवर बसले होते. त्यांनी दारावरची अक्षरं वाचली, उतरणाऱ्या नोएलीकडे पाहिलं आणि तिने पिशवी उघडण्याआधीच खालच्या आवाजात सांगून टाकलं, "चार गोड भजी खाल्ली. साखरेत घोळवून. उरलेली औषधांच्या मागे ठेवलीत."

त्या गाडीच्या कारकिर्दीतला तो पहिला कबुलीजबाब होता.