दादांचा आवाज

लग्न होऊन गास गावातल्या घरात पाऊल टाकलं त्याच संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी मला गावभर केलं. माप ओलांडून झालं, नाव घेऊन झालं आणि मी हळूच नवऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" समोर खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, ते कसं टिपलं कुणास ठाऊक. पुढच्या क्षणी ओटीवरची, अंगणातली आणि बहुतेक पलीकडच्या केळीच्या वाडीतलीही माणसं ऐकत होती, "काय? सूनबायला बाथरूमला जायचंय! कोन हाय तिकडे? पानी ठेवा!"

मी ठाण्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली. आमच्याकडे शेजाऱ्याला ऐकू जाईल म्हणून भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. मला दरदरून घाम फुटला. नवरा, म्हणजे सुहास, शांतपणे म्हणाला, "सवय होईल."

सवय कसली होतेय! दादा बोलत नसत, पुकारत. शिवाय दुसऱ्यानं म्हटलेलं प्रत्येक वाक्य पुन्हा आपल्या तोंडानं म्हणत. कुणी सांगितलं, मोगऱ्याला भाव नाही, की लगेच, "काय म्हनतोस? मोगऱ्याला भाव नाय!" एकदा मयताच्या घरी भेटायला गेलो होतो. त्या घरच्या बाईनं डोळे पुसत अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "शेवटी शेवटी फार प्यायचे हो." दादा कडाडले, "काय? फार प्यायचा!" बाहेर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. मला तर जमीन दुभंगावी असं झालं. माझ्या सासूबाई मात्र त्या बाईचा हात हातात घेऊन शांत बसल्या होत्या. त्या सोबत नाहीत असा दादांचा दौरा नसेच. कुठंही जायचं तर, "आटप, तुझ्याबिगर निघत नाय मी."

घरात फोन घ्यायचा विषय निघाला तेव्हा सुहासचा मित्र म्हणाला, "कशाला? दादांनी ओटीवर उभं राहून हाक मारली की पार पलीकडच्या आचोळे गावात ऐकू जाते."

बाकीचे नियमही तसलेच. मिशी ठेवायची नाही. सुहासनं एकदा हौसेनं वाढवली, तर दादांनी स्वतः वस्तरा आणून पुढ्यात ठेवला. "काढ ती. तोंडावर केळीची वाळकी सोपटं बांधल्यासारखी दिसते." दिवे गेले की मेणबत्ती टेबलावर नाही, बोलणाऱ्याच्या तोंडासमोर धरायची. पाठ करून बोलायचं नाही. माझी मुलगी मनू आजीच्या कानात गुपित सांगायला गेली की दादा ओरडत, "कानात नाय! समोर ये नि सांग!" पोर हिरमुसून जाई. गुपित दादांच्या तोंडून वाडीला कळे.

या मनूची चाहूल लागली तेव्हाची गोष्ट. मला ती बातमी आधी फक्त सासूबाईंना सांगायची होती. दादा वाडीत गेलेले बघून मी स्वयंपाकघरात गेले. त्या चुलीपाशी वाकल्या होत्या. मी मागूनच लाजत म्हटलं, "आई, मला दिवस गेलेत."

"घाल की मग," त्या वळूनही न बघता म्हणाल्या, "पन दोनच घाल. तिखट हायत मिरच्या."

मी थिजले. एवढी मोठी बातमी, आणि बाई मिरच्यांचं बोलतेय! खोलीत जाऊन रडले. संध्याकाळी सुहासनं दादांना सांगितलं. मग काय, दादा आईंच्या समोर जाऊन गरजले, "अगं, आजी झालीस तू! आजी!" आणि आई धावत येऊन मला अशा बिलगल्या की मी चक्रावूनच गेले. सकाळची बाई खरी की ही?

मनू शाळेत जायला लागली त्या वर्षी दादा गेले. सकाळी केळीला पाणी सोडायला म्हणून वाडीत गेले आणि पाटाच्या कडेलाच बसल्यासारखे कोसळले. ना दुखणं, ना निरोप. गावातली सगळी माणसं लोटली. आई रडत होत्या आणि बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. दुःखानं सुन्न झाल्यात, असं आम्हाला वाटलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुपारी आई माडाखाली बसून फुलं निवडत होत्या. वर कडकड आवाज झाला. वाळलेली झावळी सुटत होती. मी पायरीवरून जिवाच्या आकांतानं ओरडले, "आई, सरका!"

त्या ढिम्म. हात फुलांवर चालू.

झावळी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर आदळली. धूळ अंगावर उडाली तेव्हा त्यांनी दचकून वर पाहिलं. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर बसले. "आई, मी एवढी ओरडले! ऐकू नाही आलं?"

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि माझ्या अंगावर काटा आला.

"नाय ग," त्या म्हणाल्या. "जवळून मोठ्यानं बोललं तर थोडं येतं. नायतर तोंड बघून समजते."

आवाज ऐकून सुहास बाहेर आला, त्याच्यामागून मनू. "कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तू रांगत व्हतास. ताप आला मला, तवापासून."

सुहास मटकन पायरीवर बसला. जन्मभर त्याच आईच्या हातचं जेवलेला माणूस. "आम्हाला कुणीच कसं नाही सांगितलं?"

"माझ्या सासूला कळलं असतं तर माहेरी धाडलं असतं मला. हे म्हनाले, मी एकट्या तुझ्याशी ओरडलो तर लोक विचारतील, हिला काय झालं. मी सगळ्या जगाशीच ओरडतो. कोन काय बोलते तेपन तुला परत सांगतो." आईंनी मांडीवरची धूळ झटकली. "सासू गेली, तवर यांची सवय झाली व्हती. नि माझी पन."

मग मनू आजीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, दादांचा आवाज पहिल्यापासून एवढाच मोठा होता?"

"यांचा?" आई हसल्या. "नाय ग बाय. लग्न झालं तवा इतकं हळू बोलायचे, मलाच विचाराय लागे, काय म्हनता? अंगाईसारखा आवाज व्हता त्यांचा."

तो आवाज आमच्यापैकी कुणीच कधी ऐकला नव्हता.