टोपीनं अडलेली रेंज

मढ गावी आमच्या भातखाचरांवर वर्ष निघायचं नाही. माझे चुलते बबननाना लोकांच्या भातलावणीला मजुरीनं जायचे, त्यावर मी जुन्नरच्या कॉलेजात शिकलो. घरातला पहिला पदवीधर. याचा मला अभिमान आहे, आणि पुढचं सगळं त्या अभिमानातूनच झालं.

नाना तऱ्हेवाईक. मोबाइलची रेंज धरताना डोक्यावरची टोपी काढणार. "टोपीनं अडती राव," हे त्यांचं ठाम मत. एका वरातीत फोन लागेना, तर शेजारच्या नवरदेवाला त्यांनी फेटा उतरवायला सांगितला.

काकू गेल्या त्या वर्षी नानांचा फोन भरला. आत काकूंचे चाळीसेक व्हिडिओ. धार काढताना, कुरडया घालताना, बहुतेकांत नानांवर ओरडताना. मी ते सगळे माझ्या कॉलेजच्या खात्यावर, क्लाउडवर चढवले, ते खातं नानांच्या फोनात जोडून दिलं आणि फोन रिकामा केला. कॉलेजनं जागा भरपूर दिली होती, ती मला घरी मिरवायचीच होती.

"सगळं वर आहे, नाना."

"वर कुठं?"

नीट सांगता येईना. मी आभाळाकडं बोट केलं.

घरात रेंज नाही. मग काकूंना बघायला नाना रोज खिंडीत, टोपी बगलेत, फोन उंच धरून. येणारेजाणारे विचारायचे, कुणाचा फोन यायचाय? "आमचं माणूस उतरवतोय," म्हणायचे. लोक हसायचे. मीही हसलो.

पास होऊन मी पुण्यात नोकरीला लागलो. कॉलेजचे मेल यायचे, खातं बंद होणार, आपलं काय असेल ते काढून घ्या. इंग्रजी वाचणारा घरात मी एकटा, आणि मीच ते वाचले नाहीत.

दिवाळीला गेलो तर नाना म्हणाले, खिंडीतली रेंज गेली वाटतं, महिनाभर काही दिसंना. मी खिंडीत जाऊन बघितलं. रेंज होती. खातं नव्हतं. कॉलेजात जाऊन विनवलं. पुसलेलं परत येत नाही, म्हणाले.

परत येऊन खिंडीतच नानांना सांगितलं.

"म्हंजे वर बी न्हाई."

मग त्यांनी फोन पुढं केला. इतके दिवस उभं राहून त्यांनी एक व्हिडिओ फोनात उतरवून ठेवला होता. अकरा सेकंदांचा. काकू दारातून ओरडतात, "अवं, टोपी घाला की. ऊन लागंल."

नानांनी बगलेतली टोपी डोक्यावर घातली.

तो व्हिडिओ आता नानांच्या फोनात आहे, माझ्या फोनात आहे आणि एका मेमरी कार्डात आहे. चाळीसातला एक. बघायला रेंज लागत नाही.