लाल हात

ओरेस्ट हनात्युकला त्याच्या मुलीने, नादियाने, आठवडाभराच्या बोलीवर कामाला ठेवलं होतं. शाळा सुटली की तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, ब्रिनला, घ्यायचं, आपल्या घरी न्यायचं, काहीतरी गरम खाऊ घालायचं आणि नादिया पतपेढीतून सुटेपर्यंत सांभाळायचं. आठवडा नीट पार पडला तर हे कायमचं. नाहीतर ब्रिनचं नाव शाळेनंतरच्या पाळणाघरात.

नादियाला शंका प्रेमाची नव्हती, रस्त्याची होती. ओरेस्टने उभा जन्म धान्याचे ट्रक हाकले होते, आणि गावचा मेन स्ट्रीट तो घरच्या अंगणासारखा ओलांडायचा. मनात येईल तिथून, मनात येईल तेव्हा. गेल्या उन्हाळ्यात तर ब्रिनचं बोट धरून रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याने एका पिकअपवाल्याशी पावसावर गप्पा छाटल्या होत्या.

"बाबा, यापुढे सगळं नियमाने," नादियाने बजावलं होतं. "गावात सिग्नल बसलाय. तो बघायला बसवलाय."

"बघतो ना. रोज बघतो."

"बघून थांबायचं असतं."

ओरेस्टने मान डोलावली. बायको गेल्यापासून त्याच्या दुपारी फार लांब झाल्या होत्या. सिग्नलपाशीच काय, नादियाने सांगितलं असतं तर तो एका पायावरही थांबला असता.

पहिल्या दिवशी तो वेळेच्या आधीच शाळेच्या दारात हजर झाला. मार्च उजाडला होता, पण कॅनडातल्या सास्काचेवानच्या त्या भागात मार्चला कुणी वसंत म्हणत नाही. कडेला काळपट बर्फाचे ढीग होते आणि माळावरून येणारा वारा कान कापत होता. ब्रिन जांभळ्या कोटात गुंडाळलेली बाहेर आली. आल्या आल्या तिने आपला हात त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "गीदो, शाळेत आमचा रस्त्याच्या नियमांचा आठवडा चालू आहे. मी सांगते तसं कर." त्यांच्यात आजोबांना गीदो म्हणतात.

"तू सांगशील तसं," ओरेस्ट म्हणाला. हे वाक्य पुढे आपल्याला किती महागात पडणार आहे याची त्याला कल्पना नव्हती.

दोघं सिग्नलपाशी आली. समोरच्या खांबावर दिव्यात लाल हात दिसत होता, म्हणजे चालणाऱ्यांनी थांबायचं. ब्रिनने बटण दाबलं. दोघं पांढऱ्या माणसाची वाट बघू लागली. तो पांढरा माणूस चालताना दिसला की मगच पाऊल उचलायचं.

पांढरा माणूस काही येईना.

ओरेस्टने बटण दाबलं. मग अंगठ्याने दाबलं. मग ट्रकचं दार ढकलावं तसं तळव्याने दाबलं. लाल हात ढिम्म. रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही गाडी नव्हती.

"बिघडलेला दिसतोय," तो म्हणाला. "चल, रस्ता मोकळाच आहे."

"हात लाल आहे."

"अगं पण गाडी कुठाय?"

"मिस म्हणतात, गाडी नाही असं वाटतं तेव्हाच ती येते."

ओरेस्टने दोन्ही बाजूंना पाहिलं. ही वाटणारी गाडी कुठे दडून बसली असेल ते त्याला कळेना. "बरं, मग पुढच्या चौकातून जाऊ."

"तिथे पट्टे नाहीत. पट्टे नाहीत तिथून जायचं नाही."

"मग मी तुला उचलून नेतो. तुझे पाय रस्त्याला लागणारच नाहीत."

ब्रिनने यावर जरा विचार केला, कारण ती न्यायी मुलगी होती. "पण तुझे लागतील," ती म्हणाली, आणि कुणी उचलू नये म्हणून खाली बसली.

एवढ्यात टीना फेर आपल्या जुळ्या मुलांना घेऊन आली. जुळे ब्रिनच्याच वर्गातले. टीना सवयीने थेट रस्त्यात उतरली. दोन पावलांनी तिच्या लक्षात आलं की हातात फक्त मुलांचे हातमोजे आहेत. मुलं हातमोज्यांतून हात काढून घेऊन ब्रिनशेजारी उभी होती.

"आई, परत ये," एक म्हणाला.

"सावकाश ये. पळू नकोस," दुसरा म्हणाला.

टीना परत आली. "यांचं काय करायचं आता?" तिने ओरेस्टला विचारलं.

"मी तर नोकरीवर आहे," ओरेस्ट म्हणाला. "मला जे सांगतील ते करायचं."

मागून आणखी मुलं येत गेली. बर्फाच्या ढिगाला टेकून वरच्या वर्गातल्या दोन मुली उभ्या राहिल्या. लहान पोरं थांबलेली बघून त्यांना पुढे जायची लाज वाटली. आया आल्या, एक कुत्रा आला. एव्हाना रस्त्यावर येऊ लागलेल्या गाड्यांना हिरवा होता, पण एवढी माणसं रस्त्याकडे तोंड करून का उभी आहेत हे बघायला गाड्याही हळू होऊ लागल्या. कुणीतरी विचारलं, मिरवणूक आहे का.

ओरेस्टने पालिकेत फोन लावला. आमचा दुरुस्तीवाला लाइल सिग्नलची पेटी उघडायला निघालाय, असं उत्तर आलं. लाइल कुठून निघालाय हे मात्र कुणी सांगेना. मग त्याने शाळेत फोन केला.

ब्रिनच्या वर्गाची मिस पेल्तिए कोटाची बटणं लावत धावत आली. शिकवायला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि आपण शिकवलेलं मुलं घरी जाईपर्यंत विसरतात या विचाराने ती रोज रात्री खट्टू व्हायची. आज तिने ती शिस्तीत उभी असलेली रांग पाहिली आणि क्षणभर तिचे डोळे भरून आले. मग तिला मुलांची लाल झालेली नाकं दिसली.

"मुलांनो, शाब्बास," ती म्हणाली. "पण सिग्नल बिघडलाय. अशा वेळी मोठ्या माणसाचा हात धरून, नीट बघून, जायला हरकत नाही. चला."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी ब्रिनकडे पाहिलं.

"मिस, तुम्हीच म्हणालात," ब्रिन म्हणाली, "कुठलाही मोठा माणूस लाल असताना चल म्हणाला, तर नाही म्हणायचं."

"हो, पण..."

"तुम्ही म्हणालात, मी सांगितलं तरी नाही म्हणायचं."

ते वाक्य मिस पेल्तिएने स्वतः रचलं होतं. वर्गात म्हणताना ते तिला इतकं आवडलं होतं की तिने ते मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

"चांगलंच शिकवलंत," टीना फेर पाय आपटत म्हणाली. पाय ती थंडीने आपटत होती, पण सगळाच दोष थंडीचा नव्हता.

ओरेस्टला त्या तरुण मिसची कीव आली. त्याने गळ्यातला मफलर काढून ब्रिनच्या डोक्याला गुंडाळला आणि मिसला म्हणाला, "राहू द्या. आज आपणच नियम मोडायला शिकवलं, तर उद्या सिग्नल चालू असतानाही तो मोडतील. थांबू. लाइल येईल." हे आपणच बोललो याचं त्यालाही जरा नवल वाटलं.

रस्त्यापलीकडे, पतपेढीत, कुणीतरी नादियाला सांगितलं की सिग्नलपाशी गर्दी जमलीय आणि गर्दीत तुझे वडील आहेत. ओरेस्ट, रस्ता आणि गर्दी हे तीन शब्द एकत्र ऐकल्यावर नादियाने पुढचं काही ऐकलं नाही. ती कोट न घेता बाहेर आली. तिला माणसांच्या पायांमधून जांभळा कोट खाली बसलेला दिसला.

आणि ती धावत सुटली. पट्ट्यांवरून नव्हे, सिग्नल बघून नव्हे, डावीउजवीकडे पाहून तर नव्हेच. सरळ. एका पिकअपने करकचून ब्रेक दाबला, गाडी बर्फाच्या पाण्यात थोडी घसरली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. गाडी आली होती हे नादियाला अलीकडे पोचली तरी कळलं नव्हतं.

"बाबा, काय केलंत तुम्ही?" ती धापा टाकत म्हणाली. "पहिल्याच दिवशी. काय झालंय तिला?"

ओरेस्टचे डोळे अजून पिकअपवर होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

ब्रिन उठून उभी राहिली. "मला काही नाही झालं," ती म्हणाली. "तू बघितलंच नाहीस, ममा."

नादियाने मागे वळून पाहिलं. पिकअपवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. ती तिथेच बर्फाच्या ढिगावर बसली. टीनाने आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला.

मिस पेल्तिए मुलांसमोर उकिडवी बसली. "माझं तुम्हाला एक सांगायचं राहिलं," ती हळूच म्हणाली. "नियम का असतो ते. माणूस घाबरलं, घाईत असलं, की शहाण्या माणसालाही दिसत नाही. तेव्हा विचार करायला वेळ नसतो. म्हणून पाय आपोआप थांबतील इतकी सवय आधीच लावून ठेवायची."

"बिघडला तरी?" जुळ्यांतल्या एकाने विचारलं.

"बिघडला तर मोठ्यांनी रस्ता अडवायचा, गाड्या खरोखर थांबवायच्या, आणि मग जायचं. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

तेवढ्यात लाइल आलाच. त्याने पेटी उघडली, आत डोकावला आणि सांगितलं की सुटा भाग सास्काटूनहून मागवावा लागेल. मग त्याने आपली गाडी दिवे लुकलुकत ठेवून रस्त्यात आडवी लावली. दुसऱ्या बाजूला त्या पिकअपवाल्याने आपली लावली. त्याला तसंही इतक्यात गाडी चालवायची इच्छा नव्हती. लाइलने लाल हातच बंद करून टाकला.

ब्रिनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. एक हात गीदोला दिला. दुसरा आईपुढे केला.

"घट्ट धर," ती म्हणाली. "आणि पळायचं नाही."

सगळी रांग तिच्यामागून निघाली. पलीकडे पोचल्यावर नादिया वडिलांना बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आठवडाबिठवडा काही नको. तुम्हीच सांभाळा तिला. मी सुटले की तुमच्याकडे येत जाईन."

ओरेस्ट काही बोलायच्या आत ब्रिनने विचारलं, "एकटी?"

"पाच मिनिटांचं तर अंतर आहे, राणी."

ब्रिनने आजोबांकडे पाहिलं. दोघांमध्ये काहीतरी ठरलं.

दुसऱ्या दिवशी पतपेढी बंद व्हायच्या वेळी व्यवस्थापक नादियाच्या टेबलापाशी आला. "तुला न्यायला आलेत," तो म्हणाला. दारात ओरेस्ट आणि ब्रिन उभी होती. रांगेतली माणसं बघत होती, बाकीच्या बायका तोंडावर हात धरून हसत होत्या. नादियाने कोट घातला, सगळी बटणं लावली, आणि आपला हात पुढे केला.