कुलूपवाल्याशी देवाचा अबोला

चर्चमधली उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी विचारलं, "पुढच्या रविवारी साक्ष कोण देणार? या आठवड्यात देव तुमच्याशी काय बोलला, एवढंच सांगायचं." आणि कुलूपवाल्याचा हात वर गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. (शेजारी बायको बसली होती, हे एक कारण असू शकतं.) मंडळीत सगळ्यांच्या साक्षी होऊन गेल्या होत्या, याचीच राहिली होती. शिवाय त्याचा साधा हिशेब होता: ज्यानं सहा दिवसांत जग उभं केलं, त्याला एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागणार?

सोमवारपासून तो कान टवकारून बसला. कान तसे तयारीचे होते. किल्ली हरवलेलं कुलूप तो आतल्या बारीकशा टिकटिकीवरून उघडत असे. पण देवाकडून टिक नाही की टॉक नाही. सोमवार कोरडा गेला, मंगळवार त्याहून कोरडा.

घरात मात्र देवाची अगदी ये-जा होती. बायको नर्स. तिला देव बसस्टॉपवर सुचवायचा, की कोपऱ्यातल्या पेशंटला आज पुन्हा एकदा बघ, आणि नेमकं त्याच पेशंटचं काहीतरी बिघडलेलं असायचं. सासूबाईंच्या मुलानं परदेशी बिऱ्हाड केल्यापासून त्या इथेच राहायला होत्या. त्या कपड्यांच्या घड्या घालता घालता देवाशी अशा गप्पा मारायच्या, की मध्येच "नाही रे बाबा, तसं नव्हतं ते," असं त्याला दुरुस्तही करायच्या. अबोला धरला होता तो फक्त याच्याशी.

"हा देवाचाच आवाज, हे कळतं कसं गं?" शुक्रवारी त्यानं हात टेकले आणि बायकोला विचारलं.

"माझा आवाज कळतो ना तुम्हाला? तसंच."

"तुझा कळतो. तुझा न्हाणीघराच्या कडीबद्दल असतो."

"मग ती दुरुस्त का होत नाही?"

गावभरची कुलुपं उघडणाऱ्या माणसाच्या घरात न्हाणीघराची कडी आतून अडकत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शनिवारी त्यानं दुकान बंद ठेवलं. शेवटचा दिवस. उद्या मंडळीसमोर उभं राहून काय सांगणार? बायको ड्युटीवर गेलेली. सासूबाई शनिवारी महिला सभेला जातात, तशा गेल्या असणार. (त्यांचा घसा बसलाय, आवाज फुटत नाही, त्या आज घरीच आहेत, असं बायकोनं सकाळी दोनदा सांगितलं होतं. पण कान त्यानं देवासाठी राखून ठेवले होते.) त्यानं घड्याळातला सेल काढला, फ्रीज बंद केला, बेलची वायर उपटली आणि हॉलमध्ये गुडघे टेकले.

टक. टक टक.

त्याच्या अंगावर काटा आला. दाराशी उभं राहून ठोठावायची प्रभूची रीत त्यानं कितीतरी उपदेशांत ऐकली होती. सगळ्या किल्ल्या हातात असून जो ठोठावतो, त्याच्याबद्दल धंद्यातला माणूस म्हणून त्याला पहिल्यापासून आदर होता.

"प्रभू! दार उघडंच आहे! ये!"

ठोठावणं दुप्पट झालं.

"हृदयाचं म्हणतोय मी!"

आता तर बादलीनं दार बडवल्यासारखा आवाज आला. प्रभू रागावला, असं वाटून तो भराभरा पापं कबूल करू लागला. लांब प्रार्थनेत आपण डोळे किलकिले करून घड्याळ बघतो. पाळकसाहेबांना पाहून रस्ता बदलतो. "आणि प्रभू, डोळ्यांचे डॉक्टर रजेवर आहेत असं मी सासूबाईंना सांगितलं. ते रजेवर नव्हते. टीव्हीवर मॅच होती."

धाडकन एकच आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

"मला तुझे शब्द कळत नाहीत रे," तो काकुळतीला आला. "आपण असं करू. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. चालेल?"

बराच वेळ काहीच नाही. मग, टक.

"माझं सगळं तुला कळलंय?"

टक.

"सासूबाई मुलाकडे राहायला जाणार आहेत का?"

टक. टक. अगदी ठाम.

"तुझी इच्छा," तो उसासा टाकून म्हणाला. जे विचारायचं होतं ते हे नव्हतंच.

"प्रभू, शेवटच्या बाकावर का होईना, इतकी वर्षं येतोय मी. तू सगळ्यांशी बोलतोस. बाकीचे साक्ष देताना रडतात, आणि मी चप्पल बघत बसतो. तू मला टाकलंयस का?"

काही नाही.

"दोनदा, प्रभू. फक्त दोनदा ठोठाव."

काही नाही. त्यानं कपाळ फरशीला टेकवलं आणि मग त्याला जे रडू फुटलं, ते लहानपणानंतर फुटलं नव्हतं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

बेल वाजेना म्हणून बायको स्वतःच्या किल्लीनं आत आली, तेव्हा तो तसाच पालथा पडलेला होता.

"काय झालं? आई कुठंय?"

"सभेला."

"अहो, घसा बसलाय तिचा! सकाळी सांगितलं ना, घरीच आहे म्हणून?"

न्हाणीघरातून आवाज आला. टक. टक टक.

कुलूपवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. एकेक पाप, ज्या क्रमानं सांगितलं होतं त्या क्रमानं, त्याला आठवत गेलं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यानं दार उघडलं. सासूबाई बादली पालथी घालून वर बसल्या होत्या. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतं पाहिलं. कडी त्याच संध्याकाळी नवी बसली.

रविवारी त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला आणि म्हणाला, "या आठवड्यात देव माझ्याशी बोलला नाही. त्याआधीही कधी नाही." आणि खाली बसला. पाळकसाहेब सवयीनं "आमेन" म्हणून गेले.

घरी येताना बायको पुढे चालत होती. सासूबाई मागे राहिल्या. घसा जेमतेम सुटला होता.

"जावईबापू, थोडी गंमत केली मी, माफ करा. पण तो शेवटचा प्रश्न... तिथं हात चालेना माझा. ते उत्तर माझ्या पदरचं कसं देऊ? मग मीच आतून त्याला विचारत बसले."

तो रस्त्यातच थांबला. "मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, दोनदा ठोठाव."

"मग ठोठावलं का नाहीत?"

"ठोठावलं की. तीन-चार वेळा, दोनदा-दोनदा." सासूबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुमचं रडणं थांबेल तर ऐकू येईल ना!"