थॉर्नली हॉलची स्वयंपाकीण

रविवारी चर्चहून आल्या आल्या लेडी ड्रुसिलाने टोपी काढली, एप्रन बांधला आणि मटणाची तंगडी ओव्हनमध्ये सरकवली. थॉर्नली हॉलची स्वयंपाकीण मिसेस ग्रिम्शॉ वसंतातच नोकरी सोडून समुद्रकाठी बहिणीकडे गेली होती. दुसरी परवडत नव्हती. तेव्हापासून एवढ्या मोठ्या हवेलीची मालकीणच चूल सांभाळत होती, आणि काय झोकात सांभाळत होती! पण हे गुपित तिच्यात आणि नवऱ्यात, म्हणजे सर रोलंडमध्ये. रोलंडची थोरली बहीण हेस्टर इस्टेटीत निम्म्याची वाटेकरीण. "ज्या दिवशी साधी स्वयंपाकीण ठेवणं जमणार नाही, त्या दिवशी घर विकायचं," असं तिने बजावून ठेवलं होतं.

आणि आज हेस्टर जेवायला आली होती.

ताटं खालच्या स्वयंपाकघरातून भिंतीतल्या दोरीने ओढायच्या पाळण्यातून वर येत, ही त्यातल्या त्यात सोय. "जरा कुत्र्याला बघून येते," म्हणत ड्रुसिला खाली धावायची, पाळणा भरायची, दोर ओढायची आणि पुन्हा वर येऊन शांतपणे सूप प्यायची. दुसऱ्या वेळी तिने फोनचं निमित्त काढलं. तिसऱ्या वेळी हेस्टरने विचारलं, "आता कुठं गेली ही?"

"कुत्र्याला फोन आलाय," रोलंड घाबरून म्हणाला.

हेस्टरने भावाकडे नीट पाहिलं आणि ती उठली. "मी खाली जाते. त्या स्वयंपाकिणीला शाबासकी द्यायलाच हवी."

"नको, ती फार लाजते गं!"

"लाजू दे."

तिला अडवायला रोलंड घाईने उठला, तर पुदिन्याचा सॉस त्याच्याच शर्टावर सांडला.

खाली ड्रुसिला कस्टर्ड ढवळत होती. पावलं ऐकून तिने कामाची टोपी कानांवर ओढली आणि दाराकडे पाठ केली.

"बाई, मटण फर्मास झालंय," हेस्टर म्हणाली. मग आवाज खाली आणून, "माझ्याकडे येता? दुप्पट पगार देते."

दुसऱ्याची स्वयंपाकीण पळवणं हे त्या मुलखात घोडा चोरण्याहून मोठं पाप. त्यातून सख्ख्या भावाची! ड्रुसिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मागे वळायची सोय नव्हती.

"न्हाई जमायचं, बाईसाहेब," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हितल्या मालकीणबाईंना सोडून म्या जायची न्हाई."

"एवढी चांगली आहे ती?"

"हाय की. निस्ती नणंदेला दिसत न्हाई."

हेस्टर एक पाऊल पुढे आली.

"दिसतं हो तिला. आमच्या रोलंडला साधा चहा करता येत नाही. हे अख्खं घर ती एकटी ओढतेय. माझ्याच्याने एक दिवस झालं नसतं. पण मला मेलीला तोंडावर कौतुक करता येत नाही, त्याला काय करू?"

ड्रुसिलाचे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून ज्या शब्दांची वाट पाहिली, ते आले तेव्हा नणंदेकडे पाठ करून उभं राहावं लागत होतं. तिचा हात थांबला.

पावलं दारापर्यंत गेली आणि थबकली.

"ढवळ गं, ड्रुसिला. कस्टर्ड खाली लागतंय."

वर रोलंड शर्ट पुसत बसला होता. बहीण परतताच त्याने मान खाली घातली. "मग... विकायचं ना घर?"

"वेडा आहेस का?" हेस्टरने खुर्ची पुढे ओढली. "रविवारी मी जेवायचं कुठं?"