गुरुजींची हिरवी भिंत

बबन गुरुजींकडं जायचं असलं की मी आधी अंगावर कुठं हिरवं नाही ना, हे आरशात बघतो. गुरुजी माझे साडू. पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी ते पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि दारातच निकाल देतात. "साडू, कॉलर गेली तुमची." नाहीतर आमच्या हिला, "अक्का, तुमी दिसताय. पदराचा काठ तेवढा दिसायचा न्हाय."

गुरुजी कळंबच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत शिकवतात. पोराला हिरव्या पडद्यापुढं उभं करायचं, मोबाइलनं त्यातलं हिरवं तेवढं पुसायचं आणि तिथं हिमालय, समुद्र, नाहीतर चंद्र बसवायचा, हा त्यांचा नाद. "हिरवं गेलं, जग आलं," हे पालुपद. एकदा तेराव्याच्या पंगतीतही म्हणाले.

त्यांचा पहिला पडदा फुकटचा होता. शाळेमागं ऊस. "एवढं रान हिरवं असताना कापड कशाला?" वारा सुटला की चंद्रावर उभ्या पोराच्या कानामागून उसाची पाती डोकवायची, पण गुरुजी हटले नाहीत. मग एक दिवस, पोरं ब्रह्मपुत्रेच्या निम्म्यावर पोहोचली असताना, ऊसतोडीची टोळी फडात शिरली. संध्याकाळी गुरुजींचा फोन. "साडू, पडदा कारखान्याला गेला."

दुसरा कुणी असता तर थांबला असता. गुरुजींनी वर्गाची मागची भिंत स्वतः घासली, लांबी भरली आणि पोपटालाही लाज वाटेल अशी हिरवी रंगवली. पालकांना नमुना दाखवायला माणूस म्हणून मला उभं केलं. मी नेमका हिरवा स्वेटर घालून गेलेलो. माझं डोकं आणि दोन पंजे चंद्रावर हिंडत होते, मधला मी गायब. आमची ही ते बघून म्हणाली, "कधी नव्हे ते पोट गेलंय. ऱ्हाऊ द्या तसंच." तेव्हापासून तो आरसा.

यंदा स्नेहसंमेलनात प्रत्येक पोराचं भिंतीपुढं कविता म्हणतानाचं चित्रण दाखवायचं होतं. गुरुजींनी एकेकाला विचारलं, कुठं जायचं? कुणी चंद्र म्हणालं, कुणी दुबई. कोमल नावाची तिसरीतली पोर म्हणाली, "मला आयकडं जायचं हाय."

कोमलचे आईबाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरतात, ते पावसाच्या तोंडावर परततात. शाळा बुडू नये म्हणून पोर आजीपाशी.

गुरुजी मला म्हणाले, "चंद्र सोप्पा हो. घरबसल्या मिळतो. ही आय मात्र जागेवरनं आणावी लागंल."

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि गुरुजींनी मला मोटारसायकलवर मागं घेतलं. घाट उतरेस्तोवर माझ्या कंबरेचे मणी सुटे झाले होते. मी दर चहाच्या टपरीवर परतायची गोष्ट काढत होतो आणि गुरुजी दर टपरीवर माझा चहा संपायच्या आत गाडीला किक मारत होते.

मेंढरं एका कापलेल्या भातखाचरात बसली होती. गुरुजींनी चित्रणासाठी मोबाइल धरला आणि कोमलच्या आईला सांगितलं, "बाई, शेजारी जागा सोडून हुब्या ऱ्हावा. तितं कोमल येणार."

बाईंनी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. तिथला एक काटा पायानं बाजूला सारला. मग हात उचलून हवेत, पोरीच्या डोक्यावर ठेवल्यासारखा धरला. "एवढी आसंल न्हवं?"

"तेवढीच हाय," गुरुजी म्हणाले.

निघताना बाईंनी पिशवीतून नवा परकर-पोलका काढला. हिरवागार. "पोरगी फोनवर म्हनली, गुरुजींचं समदं हिरवं आसतंय. म्हून बाजारात मुद्दाम हिरवं बघितलं. ह्येच घालू द्या."

मी तोंड उघडणार तोच गुरुजींचा बूट माझ्या अंगठ्यावर आला. त्यांनी कापडाची नीट घडी केली आणि म्हणाले, "बेस रंग हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी मला शाळेत बोलावून हातात ब्रश दिला. समोर डबा, निळ्या रंगाचा.

"अहो, ही भिंत?" मी म्हणालो.

"निळं पुसलं तरी चालतं की. हिरवं ऱ्हाऊ द्या तिच्या अंगावर."

रंग वाळल्यावर कोमल नव्या कपड्यात भिंतीपुढं उभी राहिली. मोबाइलवर तिच्या मागं मेंढरं आली, शेजारी आई आली. परकराचा एक धागासुद्धा गेला नाही. फक्त आईचा हात पोरीच्या कपाळावर येत होता. दिवाळीपासून पोर दोन बोटं वाढली होती.

"गुरुजी, मोबाइलवरच जरा बारकी करा की तिला," मी म्हणालो.

मोबाइलमध्ये कोमललाही आपलं रूप दिसत होतं; कपाळावरचा तो हात गुरुजींच्या आधी तिनंच बघितला. तिनं लांब परकराच्या आत हळूच गुडघे वाकवले. जरा खाली, अजून जरा, हात बरोबर डोक्यावर येईस्तोवर. मग तसंच राहून तिनं अख्खी कविता म्हटली. कुठं थरथर नाही.

चित्रण आईच्या फोनवर धाडताना गुरुजी चष्मा पुसत होते.

"साडू, ती वाढलीय असं तिच्या आयला फोनवर सांगू नका कुणी. आली म्हंजी बघंल."