सगळेच अ‍ॅडमिन आणि आरोहीचं जावळ

हे मी माझ्या मर्जीनं सांगत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरी कुणीही चहाला आलं की आमची मंडळी, म्हणजे वच्छलाबाई, कपबशी हातात द्यायच्या आधी हाच किस्सा सुरू करतात, आणि दर वेळी त्यात माझा गाढवपणा थोडा वाढवतात. परवा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही सांगितला. तो बिचारा टाकी खांद्यावरून खाली न ठेवता शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. म्हटलं, आता आपणच लिहून टाकू. निदान जेवढा गाढवपणा केला तेवढाच लोकांपुढं जाईल.

तर, मला आडकित्त्यांचा शौक आहे. सुपारी कातरायचे आडकित्ते. पितळी, लोखंडी, मोराचे, घोड्याचे. एक बाईच्या आकाराचा आहे (तो वच्छलाबाईंनी जुन्या धोतरात गुंडाळून पेटीच्या तळाशी दाबलाय). अशी एक लोखंडी पेटी भरली. तोंडात मात्र दात एकही नाही.

"दात न्हाईत अन् पेटीभर आडकित्ते," मंडळी म्हणतात. "टकल्या माणसानं फण्या जमवाव्या तसं चाललंय."

माझ्यासारखे शौकीन आसपास बरेच निघाले. सिरसाळ्याचे आप्पाराव, आमच्या दिंद्रुडचा शेळ्या राखणारा सटवा, आणि खुद्द आमचे व्याही, माजलगावचे सुंदरराव. मोबाईलवर आमचा एक ग्रुप होता. पण त्यात सकाळी एखादा नामी आडकित्ता टाकला की त्याच्यावर चाळीस जण गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' टाकत. दुपारपर्यंत आडकित्ता फुलांखाली गाडला जाई. शोधायचा म्हटलं की वर वर सरकवून अंगठ्याला घट्टे पडत.

आमच्या अंगदची बायको, म्हणजे आमची सून तेजश्री, पतसंस्थेत कॉम्प्युटरवर असते. ती म्हणाली, "आबा, तुमी एक फोरम काढा. प्रत्येक आडकित्त्याचा वेगळा विषय. ज्याला जे बोलायचं ते त्याच विषयाखाली. दोन वर्षांनी शोधलं तरी सापडंल."

"म्हंजी चावडीच की."

"चावडीच. फक्त थुंकता येत न्हाई."

मला पटलं. मी चौथीत शाळा सोडली (शाळेचं म्हणणं, तिनं मला सोडलं), पण चावडी मला कळते.

आता फोरम काढायला सॉफ्टवेअर लागतं, आणि ते दोन जातीचं असतं, एक पैसेवालं, एक फुकट. तेजश्रीनं भाजी निवडता निवडता समजावलं. पैसेवाल्यात वर्षाची फी, पण कंपनी सगळ्याची रोज एक नक्कल करून ठेवते. काही उडालं तर दुसऱ्या दिवशी परत आणून देते. फुकटवाल्यात नक्कल नाही, अडचण आली तर फोन उचलायला कुणी नाही, आणि मध्ये मध्ये जाहिराती.

"पैसेवालंच घ्या आबा. मी सांगते."

आणि खरं सांगतो, मी पैसेवालंच घेणार होतो. फुकटाचा मला अनुभव आहे. खताच्या दुकानातून मला एक छत्री फुकट मिळालीय. ती उन्हात लगेच उघडते आणि पाऊस लागला की मिटते.

पण तेजश्री पुढं म्हणाली, "पैसेवाल्यात अ‍ॅडमिन तीनच मिळतात हां. त्या फीत तेवढेच."

"अ‍ॅडमिन म्हंजी?"

"म्हंजी कारभारी. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाचं लिहिलेलं पुसायचं, ते बघणारे."

तीन म्हणजे मी, सगळं जुळवणारी तेजश्री, आणि तिसरे सिरसाळ्याचे आप्पाराव, कारण त्यांच्याकडं माझ्यापेक्षा जास्त आडकित्ते आहेत. मी तसं फोनवर सगळ्यांना सांगून टाकलं. संध्याकाळच्या आत माजलगावहून सुंदररावांचा फोन आला.

"मुंजाजीराव, ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलं?"

"आप्पाराव अ‍ॅडमिन, अन् व्याही साधा मेंबर?"

"आवो, तीनच जागा हायत..."

"असू द्या. लग्नात आमाला फेटा दुसऱ्या नंबरला बांधला, तवाबी आमी बोललो न्हाई." (लग्नानंतर वर्षभर ते दुसरं काहीच बोलले नव्हते.) "आमी साधे मेंबर. साध्या माणसाचं जावळाला तरी काय काम? युवराजलाबी ऊस तोडणीची गडबड हाय."

माझ्या हातातला फोन गार पडला.

कारण त्याच महिन्यात आमच्या नातीचं, आरोहीचं जावळ ठरलं होतं. दीड वर्षाची पोर. पहिले केस काढायचे तर लेकराला मामाच्या मांडीवर बसवावं लागतं, आणि आरोहीला मामा एकच, सुंदररावांचा युवराज. मामाची मांडी नाही तर जावळ नाही. लेकराचे केस पार नाकापर्यंत आलेले. ते झिपऱ्यांतून माणसं ओळखायचं. जेवताना वरणात निम्मे केस जायचे.

वच्छलाबाईंनी बाहेर ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. आत येऊन म्हणाल्या, "तुमच्या आडकित्त्यात माझ्या सुनंचं माहेर कातरू नका. व्याह्यांना आधी मान द्या."

"आगं, पण तीनच..."

"त्या फुकटवाल्यात किती मिळतात?"

तेजश्री पडलेल्या आवाजात म्हणाली, "त्यात कितीबी."

मग मी काय करणार? फुकटवालं घेतलं. जगात लोक पैसे वाचवायला फुकटचं घेतात. मी व्याही वाचवायला घेतलं.

सुंदररावांना अ‍ॅडमिन केलं. ते खूश. युवराजची गडबडही लगेच संपली. पण ही गोष्ट बाहेर फुटायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी सटवा शेळ्या घेऊन दारात.

"आबा, मी कावून न्हाई?"

"तुला काय करायचंय बे अ‍ॅडमिन होऊन?"

"व्याही झाले, आप्पाराव झाले. मी शेळ्या राखतो म्हणून का?"

शेळ्या तोवर आमच्या कढीपत्त्याला लागल्या होत्या. मी म्हटलं, झालास बाबा, चल. त्यानंतर जो येईल त्याला हो. आठवड्यात फोरमवर सगळेच अ‍ॅडमिन झाले. साधा मेंबर औषधालाही उरला नाही. त्यातही आपल्या लोकांना नुसतं पद पुरत नाही. कुणाला 'कार्याध्यक्ष' पाहिजे, कुणाला 'मार्गदर्शक'. फुकटवाल्यात नावापुढं काहीही लिहिता यायचं. मी 'संस्थापक अध्यक्ष' लिहिलं. सुंदररावांनी 'संस्थापक अध्यक्षांचे व्याही' लिहिलं, आणि ते माझ्यापेक्षा मोठं दिसायला लागलं.

उद्घाटनाला मी माझा सगळ्यात लाडका पितळी मोर टाकला. फोटोखाली लगेच जाहिरात आली, कवळीची. हसरी कवळी, शेजारी एक म्हातारा. वच्छलाबाईंना वाटलं तो मीच, आणि त्यांनी पहिल्यांदाच फोरमचं कौतुक केलं.

मोराखाली आप्पारावांनी लिहिलं, "मोर कसला, ही तर कोंबडी वाटते." मी ते पुसलं. सटव्यानं तेच परत लिहिलं. सुंदररावांनी दोघांनाही पुसलं आणि फोरमचा रंग गुलाबी केला. आप्पारावांनी हिरवा केला. सकाळी फोरमचं नाव 'दिंद्रुड आडकित्ता मंडळ' असायचं, दुपारी माजलगाव, संध्याकाळी सिरसाळा. एक दिवस तर मला माझ्याच फोरममध्ये शिरायला सटव्याची परवानगी लागली, आणि तो शेळ्या घेऊन रेंज नसलेल्या माळावर.

मी सगळं गिळलं. कारण माझा एक बेत होता. जावळ होऊ द्यायचं. एकदा मामाच्या मांडीवर बसून केस उतरले की ते काय परत चिकटवता येत नाहीत. मग मान गेला चुलीत. मोबाईल काढायचा आणि एकेक करून सगळे अ‍ॅडमिन साफ करायचे. बटण कुठं आहे ते मी शोधून ठेवलं होतं. त्या पानावर लाल बटणं दोन. वरचं अ‍ॅडमिन काढायचं, खालचं अख्खा फोरमच काढायचं.

जावळाचा दिवस उजाडला. मांडव लहान, पण माणसं सगळी. सुंदरराव फेटा बांधून आले (या वेळी पहिल्या नंबरला मीच स्वतः बांधला). आप्पाराव आले, सटवा शेळ्यांशिवाय आला. युवराज पाटावर बसला, आरोहीला मांडीवर घेतलं. मी एका कोपऱ्यात मोबाईलवर ते पान उघडून तयार. न्हाव्याचा हात थांबला की माझा अंगठा सुरू.

न्हाव्यानं पहिली बट कापली आणि आरोहीनं जो गळा काढला! माजलगावच्या धरणावर ऐकू गेला असेल. युवराजनं खुळखुळा वाजवला. सुंदररावांनी फेट्याचा तुरा हलवला. मी खिशातला आडकित्ता काढून कट-कट वाजवला.

"आवो, लेकराचं बोट जाईल!" वच्छलाबाईंनी आडकित्ता हिसकला.

पोरगी मान झटकत होती. न्हावी म्हणाला, "असं हाललं तर मी न्हाई जबाबदार." अर्धं डोकं साफ, अर्धं झिपरं. आता थांबलं तर एवढे दिवस गिळलेलं सगळं वाया. मी पुढं झालो आणि हातातला मोबाईल लेकराच्या हातात दिला.

एकदम शांतता. पोरगी काचेवर थाप मारायला लागली. थाप, थाप, मग चाटलं, परत थाप. न्हाव्यानं उरलेलं डोकं उरकलं. गोल, गुळगुळीत, चकचकीत. बायकांनी ओवाळलं. मी हळूच मोबाईल सोडवून घेतला, शर्टाला पुसला, आणि बघतो तर फोरम नाही. मोर नाही, कवळीसुद्धा नाही. कोरं पांढरं पान.

माझं डोकं फिरलं. मी भर मांडवात ओरडलो, "सुंदरराव! केलंच ना शेवटी? फोरम उडवला ना?"

सुंदरराव पंगतीला बसत होते. ते तसेच उठले. "मी? माझा मोबाईल घरी चार्जिंगला हाय."

"मग आप्पाराव, तुमी! तुमचा पहिल्यापासून माझ्या मोरावर डोळा!"

"कोंबडीवर," आप्पाराव म्हणाले.

"मग सटव्या, तू बे!"

"आबा, मी तर बुंदी वाढायलो."

सुंदररावांनी फेटा काढून पाटावर ठेवला. "युवराज, गाडी काढ. व्याह्याच्या मांडवात आमी चोर ठरलो." युवराज उठला. तेजश्रीचा चेहरा पार उतरला. वच्छलाबाईंनी माझ्याकडं जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही.

तेजश्रीनंच मोबाईल मागून घेतला. जरा वेळ बोटं फिरवली. मग हळू आवाजात म्हणाली, "आबा, हा तुमच्याच मोबाईलवरून उडालाय. मघाशी हा कुणाकडं होता?"

सगळ्या मांडवानं एकदम मान वळवली. मामाच्या कडेवर, टकलावर हळदीचा टिळा लावून, आरोही बुंदीचा लाडू चिवडत होती.

सुंदरराव आधी गालात हसले, मग पोट धरून. "माझी नात! मिशा पांढऱ्या झालेल्यांना जमलं न्हाई, ते पोरीनं केस उतरता उतरता केलं!" फेटा परत डोक्यावर गेला. मला वाटलं, सुटलो.

"पण आबा," तेजश्री म्हणाली, "तुमी ऐन जावळात त्या काढून टाकायच्या पानावर कशाला गेलता?"

मी सुपारी मागितली. दात नसताना.

मग मला पंगतीसमोर प्रत्येकाची माफी मागावी लागली. व्याह्यांची गळाभेट घेऊन, आप्पारावांची ती कोंबडीच आहे असं कबूल करून, आणि सटव्याची, तर त्याच्या शेळ्यांसकट. पैसेवालं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळं परत आलं असतं, हे तेजश्रीनं एकदाच सांगितलं. वच्छलाबाई रोज सांगतात.

आता सुंदररावांनी माजलगावहून नवा फोरम काढलाय. पैसेवाला. अ‍ॅडमिन तीन, सुंदरराव, आप्पाराव आणि सटवा. मी साधा मेंबर आहे, आणि माझा मोर 'कोंबड्या' या विषयात ठेवलाय.

माझं काही म्हणणं नाही. सगळ्यांची माफी मी मागितली, ते ठीक. पण माझा फोरम बुडवला त्या व्यक्तीनं अजून मला एका शब्दानं 'चुकलं' म्हटलेलं नाही. आता तोंड फुटलंय, चांगलं टुरूटुरू बोलतं, 'मामा' म्हणतं, 'शेळी' म्हणतं, माझ्या तोंडात बोट घालून 'दात न्हाई' म्हणतं. म्हणजे बोलता येत नाही ही सबब चालायची नाही. नाव सगळ्यांना कळू द्या, कुमारी आरोही अंगद, मुक्काम पोस्ट दिंद्रुड.